हॉस्पिटलमध्ये मेडिकल सुरू करायचंय? लायसन्सपासून फ्रीजपर्यंत सगळं, स्टेप बाय स्टेप

मागे एका ओळखीच्या डॉक्टरांचा फोन आला, म्हणाले तीस बेडचं हॉस्पिटल जवळपास तयार आहे, खाली मेडिकलसाठी एक खोली ठेवलीय, लायसन्सला काय काय लागतं तेवढं व्हॉट्सॲपवर टाक ना. म्हटलं आधी खोली बघतो. खोली जिन्याखाली, आठ बाय दहाची, आणि एका कोपऱ्यातून वरच्या बाथरूमचा पाईप उतरलेला. रंग लावून झाला होता, रॅकची ऑर्डर गेली होती, आणि ती खोली कायद्यात बसतच नव्हती. म्हणून हा लेख जरा मोठा लिहितोय. बहुतेक लोक कागदपत्रांपासून सुरुवात करतात आणि जागा, माणसं, फ्रीज हे नंतर बघू म्हणतात. नेमकं उलटं करायचं असतं.

मी महाराष्ट्राच्या अंगाने लिहितोय, पण मूळ कायदा केंद्राचा आहे, औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालचे १९४५ चे नियम, त्यामुळे बराचसा भाग बाहेरच्या राज्यातही तसाच लागू होतो.

आधी ठरवा, लायसन्स लागतं का आणि कुठलं

छोट्या हॉस्पिटलचे डॉक्टर हमखास विचारतात, मी माझ्याच पेशंटला औषध देतो, मला कशाला लायसन्स? नियमांच्या शेड्यूल के मध्ये (शेड्यूल म्हणजे नियमांना जोडलेली यादी) अशी सूट आहे खरी. डॉक्टरने स्वतःच्या पेशंटला औषध दिलं तर चालतं, पण अटी आहेत, औषध लायसन्सवाल्या डीलरकडून घेतलेलं हवं, खरेदीचा रेकॉर्ड हवा, आणि महत्त्वाचं म्हणजे दुकान उघडून काउंटरवरून विक्री करायची नाही. तुम्ही काउंटर लावला, बिलिंग सुरू केलं, येईल त्याचं प्रिस्क्रिप्शन घ्यायला लागलात की ती सूट संपली. सरकारी आणि नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांनाही विक्रीच्या लायसन्समधून सूट आहे, पण तिथेही औषध क्वालिफाइड माणसाच्या देखरेखीखालीच द्यायचं, स्टोरेज नीट ठेवायचं आणि इन्स्पेक्शनला दार उघडं ठेवायचं हे आहेच. सूट म्हणजे मोकळं रान नाही.

बाकी सगळ्या खाजगी हॉस्पिटलला रिटेल लायसन्स लागतं, आणि ते एक नसतं, दोन असतात. फॉर्म २० साध्या औषधांसाठी, आणि फॉर्म २१ शेड्यूल सी आणि सी१ च्या औषधांसाठी, म्हणजे लस, सीरम, इन्सुलिन, इंजेक्शनने द्यायची औषधं वगैरे. सलाईनची बाटलीसुद्धा ह्यातच येते त्यामुळे फक्त फॉर्म २० घेऊन हॉस्पिटल चालणारच नाही, दोन्ही एकदमच मागायची. शेड्यूल एक्स ची, म्हणजे सगळ्यात कडक नियंत्रणातली औषधं ठेवायची असतील तर तिसरं, फॉर्म २०एफ, आणि इथे लोक फसतात कारण केटामाइन हे भुलीचं औषध शेड्यूल एक्स मध्ये आहे. ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर असलेल्या हॉस्पिटलला भूलतज्ज्ञ पहिल्याच दिवशी केटामाइन मागणार, आणि तुमच्याकडे २०एफ नसेल तर ते तुमच्या मेडिकलमधून निघूच शकत नाही.

तुमची दुसरी शाखा असेल आणि इथून तिकडे माल पाठवायचा विचार असेल तर तो होलसेलचा विषय, २०बी आणि २१बी. लायसन्स हॉस्पिटलच्या नावाला चिकटलेलं नसतं, जागेला चिकटलेलं असतं. समोरच्या बिल्डिंगमध्ये नवीन ओपीडी काढली आणि तिथे दुसरा काउंटर टाकला तर त्या जागेचं वेगळं लायसन्स.

अजून एक आधीच ठरवायची गोष्ट, मेडिकल हॉस्पिटल स्वतः चालवणार का बाहेरच्याला देणार. बाहेरच्याला दिलं तर लायसन्स त्याच्या नावावर निघतं आणि करारात साफ लिहून घ्या की रात्री फार्मासिस्ट कोण पुरवणार, वॉर्डमधली औषधं कुणाच्या जबाबदारीवर, एक्सपायरीचं नुकसान कुणाचं. भाडं किती ह्यावर तासभर चर्चा होते आणि ह्या तीन गोष्टी कुणी काढतच नाही, मग वर्षभराने भांडण.

जागा

रिटेलला किमान १० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ स्क्वेअर फूट. रिटेल आणि होलसेल दोन्ही एकाच जागेत असेल तर १५ चौरस मीटर, साधारण १६१ स्क्वेअर फूट. डॉक्टरसाहेबांची खोली ८० स्क्वेअर फुटांची, विषय तिथेच संपला. आणि हे मोजताना पोटमाळा धरू नका, बाहेरचा वेटिंगचा भाग धरू नका. भिंतीच्या आतून टेप लावून मोजा कारण आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमधला आकडा आणि प्लास्टर झाल्यावरचा आकडा ह्यात फरक पडतो, आणि तुम्ही १०९ फुटांवर खेळत असाल तर तोच फरक तुम्हाला आडवा येणार.

पण १० चौरस मीटर हा दुकानाचा किमान आकडा आहे, हॉस्पिटलचं काम त्यात होत नाही. तीस बेड म्हणजे सलाईनचे खोकेच रोज किती येतात बघा, ते जमिनीवर ठेवायचे नाहीत, पॅलेटवर, भिंतीपासून थोडं लांब. माझं मत विचाराल तर तीस बेडला दुप्पट जागा तरी धरा आणि खोके ठेवायला मागे वेगळा भाग करा.

नावाचा पण एक नियम आहे जो बोर्ड रंगवून झाल्यावर आठवतो. 'फार्मसी' किंवा 'डिस्पेन्सिंग केमिस्ट' हे शब्द वापरायचे असतील तर तिथे प्रिस्क्रिप्शनप्रमाणे औषध बनवून द्यायची सोय हवी आणि शेड्यूल एन लागू होतं. नुसती पॅकबंद औषधं विकणार असाल तर 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स'. शेड्यूल एन मध्ये जागेचं बारीक वर्णन आहे, डिस्पेन्सिंगचा भाग एका फार्मासिस्टला किमान ६ चौरस मीटर आणि पुढच्या प्रत्येकाला २ चौरस मीटर जास्त, उंची किमान २.५ मीटर, फरशी गुळगुळीत आणि धुता येईल अशी, भिंती प्लास्टर, टाइल्स किंवा ऑइल पेंटच्या, चांगल्या पाण्याची सोय, आणि पब्लिक आत येऊ नये म्हणून मध्ये अडसर. मी म्हणतो तुम्ही शेड्यूल एन मध्ये येत नसलात तरी हे वाचून खोली बनवा, फुकटचा चांगला आराखडा आहे.

अडसराची गोष्ट हॉस्पिटलमध्ये खास महत्त्वाची कारण इथे पब्लिकपेक्षा स्टाफच आत घुसतो. वॉर्डबॉय येतो, रॅकमधून सलाईन काढतो, "लिहून ठेवा हो" म्हणून निघून जातो. अर्धं दार आणि त्याला आतून कडी, खर्च किरकोळ आहे, स्टॉक जुळायला लागतो.

उन्हाचं बघा, पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी रॅकवर ऊन येतं. बऱ्याच गोळ्यांच्या पाकिटावर ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि विदर्भ मराठवाड्यात एप्रिल मे मध्ये एसीशिवाय ते शक्यच नाही. आणि एसी रात्री पण चालू ठेवायचा, आपण गेल्यावर औषधांना गरम होत नाही असं काही नसतं.

फार्मासिस्ट, आणि रात्रीचं गणित

प्रिस्क्रिप्शनवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं पाहिजे. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ मध्ये पण तेच आहे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यात जास्त हेच मोडलं जातं.

गणित मांडून बघू. हॉस्पिटलचं मेडिकल चोवीस तास, आठवड्याचे १६८ तास. एक माणूस आठवड्याला ४८ तास. १६८ भागिले ४८, साडेतीन माणसं, आणि हे कुणी आजारी पडणार नाही, कुणाचं लग्न नाही, दिवाळी नाही असं धरून. म्हणजे चार किमान, पाच असतील तर सुखाने. आता किती हॉस्पिटलच्या लायसन्सवर पाच नावं असतात? एक नाव असतं, दुसरं असलंच तर मालकाच्या नातेवाईकाचं, आणि रात्री काउंटरवर बारावी झालेला पोरगा बसलेला असतो, तो हुशार असतो, कामाला चांगला असतो, पण तो फार्मासिस्ट नाही. रात्री अडीचला हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनच्या, दोन वेगवेगळ्या स्ट्रेंथ समोर आल्या की तो कुणाला विचारणार?

सर्टिफिकेट भाड्याने घ्यायचा प्रकार तर बोलूच नका. माणूस तिसऱ्याच गावात नोकरी करतो आणि इथे त्याचं नाव भिंतीवर. सापडल्यावर मालकाचं लायसन्स जातंच, त्या फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन पण अडचणीत येतं. नव्याने पास झालेल्या पोरांना हे मुद्दाम सांगतोय, महिन्याला चार पैसे मिळतात म्हणून स्वतःचं करिअर गहाण टाकू नका.

डी.फार्म, बी.फार्म, फार्म.डी कुणीही चालतो पण महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू हवं, नूतनीकरण राहिलेलं नको, अर्ज भरायच्या आधी प्रत्येकाचं तपासा. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ प्रमाणे पांढरा ॲप्रन आणि नाव व रजिस्ट्रेशन नंबरचा बॅज हवा. ॲप्रन खुंटीवर असतो, बॅज ड्रॉवरमध्ये असतो, आणि इन्स्पेक्टर मॅडम काउंटरवर असतात, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय.

होलसेलच्या लायसन्सला मात्र फार्मासिस्टच हवा असं नाही, पदवीधर आणि एक वर्षाचा अनुभव, किंवा मॅट्रिक आणि चार वर्षांचा अनुभव असलेली सक्षम व्यक्ती चालते. हा नियम ऐकून लोक रिटेललाही तोच लावतात, तो इकडे चालत नाही.

कागद आणि अर्ज

अर्ज फॉर्म १९ मध्ये, शेड्यूल एक्स साठी १९सी, आणि हे आता ऑनलाइनच भरायचं असतं. अर्ज अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, औषधे, ह्यांच्याकडे जातो. फॉर्म २० आणि २१ ची फी प्रत्येकी १५०० रुपये, दोन्ही मिळून ३०००. ह्यावर कुणी एजंट पन्नास हजाराचा आकडा सांगत असेल तर सरकारी फी किती आणि त्याची किती हे वेगवेगळं विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो.

कागद असे गोळा करा की जागा, मालक आणि फार्मासिस्ट ह्या तिघांचा प्रत्येकी एक गठ्ठा. जागेच्या गठ्ठ्यात नकाशा मापांसकट आणि चतुःसीमेसकट, मालकीचा पुरावा किंवा भाडेकरार, हॉस्पिटलची बिल्डिंग दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र, फ्रीजचं बिल. मालकाच्या गठ्ठ्यात तुम्ही कोण आहात त्याप्रमाणे, एकटे असाल तर साधे ओळखीचे कागद, भागीदारी असेल तर डीड, कंपनी असेल तर मेमोरँडम आणि ठराव, ट्रस्ट असेल तर ट्रस्ट डीड आणि सही कोण करणार त्याचा ठराव. फार्मासिस्टच्या गठ्ठ्यात रजिस्ट्रेशन, शिक्षणाची सर्टिफिकेटं, नेमणुकीचं पत्र, त्याचं स्वीकारल्याचं पत्र, आधी कुठे असेल तर तिथून सुटल्याचा पुरावा. जिल्ह्याप्रमाणे एखादं प्रतिज्ञापत्र इकडे तिकडे होतं, ते ऑफिसला जाऊन एकदा विचारून घ्या.

अर्ज अडकतात ते मोठ्या कारणाने नाही. भाडेकरारात 'तळमजला, खोली क्र. ३' आणि नकाशात 'दुकान क्र. ३'. ट्रस्टच्या नावात एकीकडे 'चॅरिटेबल' आहे, एकीकडे नाही. फार्मासिस्टचं लग्नाआधीचं नाव रजिस्ट्रेशनवर आणि नंतरचं आधारवर. तिन्ही गठ्ठे टेबलावर पसरून, नाव आणि पत्ता बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि नर्सिंग होम ॲक्टची नोंदणी हा वेगळा विषय आहे बरं का, ती हॉस्पिटलची. ती मिळाली म्हणजे मेडिकल चालू करता येतं असं नाही. लायसन्स हातात येण्याआधी एक स्ट्रिप जरी विकली तरी कायद्याच्या कलम २७ खाली किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि किमान एक लाख दंड इतकं गंभीर आहे. उद्घाटनाचा मुहूर्त आधी काढून ठेवणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

पाहणी

अर्ज गेला की औषध निरीक्षक जागा बघायला येतात. टेप लावतात, फार्मासिस्टला भेटतात, त्याला दोन प्रश्न विचारतात, फ्रीज बघतात. फ्रीज चालू हवा, आत थर्मामीटर हवा. नुसता खोक्यात ठेवलेला फ्रीज दाखवून "उद्या लावतो" म्हणणारे पण असतात. फार्मासिस्ट त्या दिवशी प्रत्यक्ष हजर हवाच, आणि त्याला स्वतःला माहीत हवं की रॅक कुठले, एक्सपायरी कुठे, रजिस्टर कुठलं. मालकानेच सगळी उत्तरं दिली की समोरच्याला कळतं काय ते.

लायसन्स आलं की ते भिंतीवर, लोकांना दिसेल असं लावायचं. फाईलमध्ये ठेवून झेरॉक्स लावायची नाही. फॉर्म ३५ मधलं इन्स्पेक्शन बुक आणून ठेवा, पुढे जेव्हा जेव्हा पाहणी होईल तेव्हा शेरे त्यातच लिहिले जातात. आणि महाराष्ट्रात आता हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये 'औषधं इथूनच घेणं बंधनकारक नाही' असा बोर्ड लावायला एफडीएने सांगितलंय. मार्च २०२५ मध्ये हा विषय सुप्रीम कोर्टात पण आला होता, कोर्टाने राज्यांना धोरण ठरवायला सांगितलं. बोर्ड लावा, आणि सिस्टरांनाही सांगून ठेवा, कारण बोर्ड खाली असतो आणि वर वॉर्डमध्ये "बाहेरचं चालणार नाही" असं कुणीतरी बोलून जातं.

फ्रीज, ह्यावर मी जरा जास्त बोलणार

एका ठिकाणी मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. फ्रीजच्या दारावर तापमानाचा कागद, दिवसातून दोनदा रीडिंग, सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा. सुंदर अक्षर, सगळीकडे ४, ५, ४, ५. इन्स्पेक्टर आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी कागद बघितला, घड्याळ बघितलं, परत कागद बघितला. त्या दिवशीचं संध्याकाळी सहाचं रीडिंग भरून झालेलं होतं, ५. सही पण होती. कुणी काही बोललं नाही, त्यांनी शांतपणे फ्रीज उघडला, आतला थर्मामीटर ११ दाखवत होता आणि खालच्या कप्प्यात कुणाचातरी डबा होता.

तर फ्रीजचं असं. २ ते ८ अंश. घरचा फ्रीज घेतलात तर दारात काही ठेवायचं नाही, दार दर पाच मिनिटांनी उघडतं आणि तिथलं तापमान सगळ्यात जास्त हलतं. फ्रीझरच्या खाली चिकटून पण ठेवायचं नाही कारण गोठलं की इन्सुलिन गेलं, हिपॅटायटिस बी ची लस गेली, धनुर्वाताची लस गेली, आणि वितळल्यावर बाहेरून बघून चटकन कळत नाही. लोक गरम व्हायला घाबरतात, गोठायला घाबरत नाहीत, खरं तर ह्या लसींना गोठणं जास्त वाईट. थर्मामीटर साधा नको, मिनिमम मॅक्सिमम दाखवणारा घ्या, कारण सकाळी नऊला ५ दाखवतोय पण रात्री लाइट गेली तेव्हा १४ वर जाऊन आला हे साध्याला कळत नाही. परवडत असेल तर डेटा लॉगर, जो तापमान आपोआप नोंदवत राहतो. रीडिंग घेतल्यावर मॅक्स मिन रिसेट करायचं, हे शिकवायला लागतं, कुणी करत नाही.

फ्रीजमध्ये काय काय येतं ह्याची यादी दारावर लावा. इन्सुलिन आणि लस सगळ्यांना माहीत असतं, पण ऑक्सिटोसिन (बाळंतपणातलं इंजेक्शन), सक्सिनिलकोलिन, अट्रॅक्युरियम (भुलीच्या वेळी स्नायू सैल करणारी) हे ओटीतून रात्री परत आलेलं टेबलावरच राहतं, सकाळपर्यंत. आणि लाइट गेली तर काय, ह्याचं उत्तर एका ओळीत लिहून ठेवा, जनरेटरची लाइन ह्या सॉकेटला आहे का, नसेल तर दुसरा फ्रीज कुठला, फोन कुणाला. सॉकेटवर 'बंद करू नये' लिहा, साफसफाईवाल्या मावशी व्हॅक्युमसाठी नेमका तोच प्लग काढतात.

वॉर्डमधली औषधं

लायसन्स मेडिकलच्या खोलीचं असतं पण औषधं तर सगळ्या हॉस्पिटलभर पसरलेली असतात, आयसीयूत, ओटीत, कॅज्युअल्टीत, क्रॅश कार्टमध्ये, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांच्या ट्रॉलीत. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन करायचं असेल तर त्यांचं औषध व्यवस्थापनाचं वेगळं प्रकरणच आहे, फॉर्म्युलरी (हॉस्पिटलने ठरवलेली औषधांची यादी), औषध समिती, हाय रिस्क औषधांची यादी वगैरे. एनएबीएच ऐच्छिक आहे, पण पुढची एक गोष्ट ऐच्छिक समजू नका.

पोटॅशियम क्लोराइड. १५ टक्क्यांची १० एमएलची अँप्युल, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट. पातळ न करता सरळ शिरेत गेली तर हृदय बंद पडतं. आणि ती दिसते कशी, तर बाकीच्या दहा एमएलच्या पारदर्शक अँप्युलसारखीच, डिस्टिल्ड वॉटर शेजारच्या खणात. जनरल वॉर्डच्या स्टॉकमधून ती काढून टाका. आयसीयूत लागते तिथे वेगळ्या डब्यात, लाल लेबल, 'पातळ करूनच द्या', आणि संख्या मोजून. असंच भुलीच्या ट्रेमध्ये, पाठीत द्यायच्या बुपिव्हॅकेन ह्या भुलीच्या औषधाऐवजी रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड गेल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत, डब्ल्यूएचओने त्यावर इशारा दिलाय. दोन्हीच्या अँप्युल सारख्या दिसतात. हे ठेवताना दोघांमध्ये नुसता खण नको, खोली वेगळी असेल तर उत्तम. खरेदीवाल्याने कंपनी बदलली की अँप्युलचं रूप बदलतं, तेव्हा नवीन माल वॉर्डात जाण्याआधी फार्मासिस्टने जुन्या मालाशेजारी ठेवून बघायची सवय लावा, दोन मिनिटं लागतात.

एच१, एक्स, नार्कोटिक

शेड्यूल एच१, म्हणजे वरची अँटिबायोटिक्स, सवय लावणारी काही औषधं वगैरे, ह्यांचं वेगळं रजिस्टर मार्च २०१४ पासून सक्तीचं आहे. डॉक्टरचं नाव पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. हॉस्पिटलमध्ये मेरोपेनेमसारखी वरची अँटिबायोटिक्स रोज जातात त्यामुळे इथे एका दिवसाची एंट्री राहिली की आठवडा राहतो. सॉफ्टवेअरमधून निघत असेल तरी एकदा प्रिंट काढून बघा, बऱ्याचदा डॉक्टरच्या नावाच्या जागी 'आरएमओ' (ड्युटीवरचा डॉक्टर) एवढंच छापलेलं असतं.

शेड्यूल एक्स कुलपात, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतीत, त्यातली एक आपल्याकडे दोन वर्षं. चावी फार्मासिस्टकडे, शिफ्ट बदलताना मोजून हातात द्यायची आणि दोघांची सही. चावी ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवर उघडा असेल तर ते कुलूप नाही.

मॉर्फिन, फेंटानिल वगैरेसाठी नार्कोटिक्स कायदा, १९८५ चा. आधी ह्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने गोळा करता करता कॅन्सरचा पेशंट निघून जायचा. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही सहा 'अत्यावश्यक नार्कोटिक' ठरली आणि २०१५ च्या नियमांनी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून एकच मान्यता घ्यायची सोय झाली. जबाबदार डॉक्टर नेमावा लागतो, रोजचा हिशोब ठेवावा लागतो. अर्धी अँप्युल वापरली तर उरलेल्या अर्ध्या अँप्युलचं काय केलं हे पण लिहायचं, साक्षीदाराच्या सहीने. भीतीपोटी मॉर्फिन ठेवायचंच नाही असं ठरवणारी हॉस्पिटल्स आहेत, मला ते पटत नाही, पेशंट दुखण्याने तळमळत असतो आणि आपण रजिस्टरच्या कंटाळ्याने त्याला पॅरासिटामॉल लावतो.

एक्सपायरी आणि सॅम्पल

एक्सपायर झालेला माल विक्रीच्या मालापासून वेगळा, खोक्यात, आणि खोक्यावर वर मोठ्या अक्षरात 'नॉट फॉर सेल'. हे नियमातच आहे. खोका टेबलाखाली असला तरी चालेल, लेबल हवं. डिस्ट्रिब्युटरकडे परत जात नसेल तो माल बायोमेडिकल वेस्टच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत, सिंकमध्ये ओतायचा नाही. केमोच्या औषधांचा कचरा पिवळ्यातच पण वेगळा, सायटोटॉक्सिक लेबल लावून.

एमआरनी, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी दिलेली फ्री सॅम्पल मेडिकलच्या रॅकवर नको म्हणजे नकोच, विकणं सोडाच, स्टॉकमध्ये ठेवणंही चालत नाही. डॉक्टर प्रेमाने पिशवीभर आणून देतात, "कुणाला गरज असेल तर दे". नम्रपणे परत त्यांच्या केबिनला पाठवा. सरकारी पुरवठ्याचा, ईएसआयचा शिक्का असलेला मालही तसाच.

इन्स्पेक्टर सॅम्पल घेतात तेव्हा

घाबरायचं काही नाही, पण कागद ओळखता यायला हवा. फॉर्म १७ म्हणजे टेस्टिंगसाठी सॅम्पल घेतल्याची सूचना, त्याची योग्य किंमत ते देऊ करतात, सॅम्पलचे भाग करून सील करतात आणि त्यातला एक तुम्हाला परत देतात, तो फेकू नका. फॉर्म १६ म्हणजे माल जप्त केल्याची पावती. फॉर्म १५ म्हणजे हा माल हलवू नका असा आदेश, जास्तीत जास्त वीस दिवसांचा.

उद्या ते सॅम्पल नापास निघालं तर तुम्हाला वाचवणारी एकच गोष्ट, खरेदीचं बिल. औषध लायसन्सवाल्याकडून रीतसर घेतलं, खोटं आहे हे माहीत नव्हतं आणि माहीत होण्यासारखं नव्हतं, आणि आपल्याकडे आलं तसंच नीट ठेवलं, हे दाखवता आलं तर कलम १९ मध्ये बचाव आहे. कुणाकडून घेतलं हे सांगणं तर कलम १८ए प्रमाणे बंधनकारकच आहे. म्हणून बिलावर बॅच नंबर आहे का हे माल उतरवताना बघायचं, नंतर नाही. आणि 'नीट ठेवलं' हे दाखवायला तो फ्रीजच्या दारावरचा कागद लागतो, खरा भरलेला.

चालू झाल्यावरचे कागद

२०१७ पासून लायसन्सचं रिन्यूअल बंद झालं, लायसन्स कायम चालू राहतं पण दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे ते चालू ठेवायची फी भरावी लागते. मुदत चुकली तर दरमहा दोन टक्के लेट फी, तीही सहा महिन्यांपर्यंतच, त्यानंतर लायसन्स रद्द झालं असं धरलं जातं. रिन्यूअल नाही म्हणून लोक पाच वर्षांत विसरतात. तारीख अकाउंटंटच्या, मालकाच्या आणि फार्मासिस्टच्या अशा तिघांच्या फोनमध्ये टाका.

फार्मासिस्ट बदलला तर एक महिन्याच्या आत कळवायचं. भागीदार आला किंवा गेला, प्रोप्रायटरची कंपनी झाली, तर जुनं लायसन्स फार तर तीन महिने चालतं, तेवढ्यात नव्या नावाने नवीन घ्यायचं. कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तर मुदतीत आणि मुद्द्याला धरून द्या, निलंबन किंवा रद्दचा आदेश आला तर तीन महिन्यांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

औषधाची रिॲक्शन आली तर ती कळवायला फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४, काउंटरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

त्या डॉक्टरसाहेबांनी शेवटी जिन्याखाली व्हीलचेअर ठेवल्या आणि रेकॉर्ड रूमसाठी ठेवलेली मोठी खोली मेडिकलला दिली. आतून टेप लावली, २१४ स्क्वेअर फूट. चौथा फार्मासिस्ट अजून मिळालेला नाही, त्यामुळे अर्ज थांबवून ठेवलाय.